मोरीत तांब्याभर पाणी

लिंबायतच्या रेशन दुकानापुढे रॉकेलची रांग हलायचं नाव घेत नव्हती. मंगलाच्या पाठीमागे दोघीजणी बोलत होत्या. एक पिकल्या आवाजाची मावशी आणि दुसरी कुणाची तरी तरुण सून.

“सासूचे दिवस करून महिनाभर गावीच राहिलात ना वं? बंद घरात मोरी नुसती वास मारत असेल.”

“नाही ना मावशी. त्याचाच तर घोर लागला.”

“वास नाही याचा घोर?”

“सासूबाई रोज निजताना मोरीत तांब्याभर पाणी ओतायच्या. नळीत पाणी उभं असलं की गटाराचा वास वर येत नाही, म्हणायच्या.”

“बरोबरच आहे की.”

“मग महिनाभर ओतलं कुणी? भर वैशाखात मोरी ओली होती.”

“शेजारणीनं ओतलं असेल.”

“किल्ली माझ्या कमरेला होती, मावशी.”

मंगलाने रॉकेलचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

“मग गं?”

“घाबरून मी त्यांचा तांब्या मोडीत दिला. त्याच दिवशी वास सुटला. फिनेल झालं, चुना झाला, काही केल्या जात नाही.”

“अगं, तूच ओत ना रोज पाणी.”

“ओतते ना. पण नळीत थांबतच नाही. खाली कुणी तहानेलं बसल्यासारखं घटाघटा पिऊन टाकतं.”



“पोरी, सासूच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतंस ना?”

“रांग सरकली, मावशी. चला पुढे.”

मंगलाच्या पुढची रांग होती तिथेच होती.