मागच्या भिंतीचं अक्षर

(पेणजवळच्या कासू गावातलं घर, सकाळचे दहा. ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेली सून मनस्वी, मुलगा धनेशची बायको. शेजारी सासरे शिवा. चाळीस वर्षं पेणपासून रोह्यापर्यंत दुकानांचे बोर्ड रंगवलेला माणूस, पण आज मुद्दाम पाठ करून बसलाय. सासूबाई गोदूबाई अंगणात चुना भिजवतायत. दसरा चार दिवसांवर.)

मनस्वी : बाबा, तोंड फिरवून किती वेळ बसणार? एकदा तरी बघा.

शिवा : बघितला. लॅपटॉप हाय.

मनस्वी : लॅपटॉप नाही, अक्षरं बघा. धनेशनी कंपनीतल्या मित्राकडून साठ फॉन्ट आणलेत. सगळे इन्स्टॉल केले मी.

शिवा : साठ पेंटर घरात घेतलेस आनि मना आता सांगतंस?

मनस्वी : पेंटर कसले... अगं बाई! यादीत एकही दिसत नाही.

शिवा : पळाले असतील माजं तोंड बघून.

मनस्वी : थांबा, आलं लक्षात. सॉफ्टवेअर उघडं ठेवूनच टाकले. ते बंद करून परत उघडावं लागतं. त्याशिवाय त्याला कळत नाही घरात कोण नवीन आलंय.

गोदूबाई : म्हंजे तुज्या सासऱ्यासारखंच हाय गो. झोपून उठल्याबिगर त्यांना पन काय कळत नाय.

शिवा : तू चुना ढवळ गो. हितं लक्ष नको.

मनस्वी : आले आले! हे बघा, 'बाबाजी गणेशमूर्ती कारखाना, पेण'. धनेश दुपारच्या शिफ्टला धाटावच्या कंपनीत जाताना पेनड्राइव्ह रोह्याजवळ अष्टमी गावात देईल, प्रिंटिंगवाल्याकडे. दसऱ्याला नव्या शेडवर बोर्ड लागलाच पाहिजे.

शिवा : लाव ना. मना कशाला इचारतंस?

मनस्वी : बाबाजीकाकांनीच बजावलंय. म्हणाले, 'शिवाला पसंत पडंल तेच अक्षर. नायतर कोरा पत्रा लावीन.'

शिवा : मग कोरा लाव म्हनावं. तीस वर्षं तो बोर्ड मी रंगवला. आता चाय घ्यायला कप उचलला तर निम्मी बशीत. ज्याचा हात ग्येला त्याच्या पसंतीला काय करायचंय?

मनस्वी : हात थरथरतो. डोळे कुठे थरथरतात? बाबा, माझं हे पहिलं मोठं काम आहे. फोटोवर नावं घालणं वेगळं आणि वीस फुटी बोर्ड वेगळा. मला जमत नाहीये. खरंच.

शिवा : रडू नको. दाखव. एकदाच बघीन.

मनस्वी : हा पहिला. हा दुसरा. हा जरा जाड आहे बघा...

शिवा : थांब. मागं घे. ह्यो दुसरा आनि पयला, दोनी एकाच मानसाच्या हातचे.

मनस्वी : नाही हो, नावं वेगळी आहेत.

शिवा : नावं पन्नास ठेव. 'ख'ची शेपटी बघ, 'ण'चे पाय बघ. एकाच बापाची पोरं. पुढचा काढ. ह्यो पन तोच, निस्ता फुगवलाय.

मनस्वी : अय्या... खरंच की! ह्यांच्यात मराठी अक्षरंच नाहीत, नुसती इंग्रजी आहेत. मराठी लिहिलं की सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टची अक्षरं घालतं आणि वर नाव ह्याचं दाखवतं.

शिवा : आनि तू ते उसनं अक्षर बाबाजीच्या दारात लावनार व्हतीस!

मनस्वी : तासभर बघत होते मी, मला दिसलं नाही. तुम्हाला दुसऱ्यालाच दिसलं.

शिवा : दिसनारच. त्यात काय एवडं? मराठीवाले किती उरले?

मनस्वी : अकरा.

शिवा : आन फुडं. ह्यो नको, उपाशी दिसतो. ह्यो लग्नपत्रिकेवर बरा, कारखान्यावर नको. ह्याच्या 'ग'ची गाठ बघ, लहान पोराच्या चड्डीची नाडी सुटल्यासारी. छे!

मनस्वी : मग तुमचा 'ग' कसा असायचा? एखादा जुना बोर्ड दाखवा ना.

शिवा : राहिलाय कुठं? पेणला फ्लेक्स, रोह्याला फ्लेक्स. बाबाजीचा पन जुन्या शेडबरोबर मोडीत ग्येला.

मनस्वी : मागच्या भिंतीवर आहे की.

शिवा : ती भिंत नको.

मनस्वी : का? 'ग' आहे, 'बा' आहे. बोर्डाला तीच अक्षरं लागतात.

शिवा : नको म्हटलं ना. ब्रश पुसायची जागा ती.

मनस्वी : बाबा, मी तिथे रोज कपडे वाळत घालते. वाचता येतं मला. एकाखाली एक सतरा वेळा लिहिलंय.

शिवा : हळू बोल! तिला म्हाईत नाय.

मनस्वी : चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?

शिवा : काय सांगायचं? नवीन ब्रश आनला का पयलं कायतरी लिवून बघावं लागतं. कुनी देवाचं नाव लिवतो, कुनी आपलं सोताचं. माजा हात एका नावाला बसला, तो बसला.

गोदूबाई : काय कुजबुजताव दोघं? मी चालले, मागच्या भिंतीला चुना मारते.

मनस्वी : आई, थांबा! आधी मला एक फोटो काढू द्या. आलेच मी, दोन मिंटं.

गोदूबाई : एवडी धावतंय का ती?

शिवा : मना काय म्हाईत! काम हाय तिचं कायतरी.

गोदूबाई : आज मान वर करून बोलताव. बरं वाटलं. दोन वर्सं झाली, ते ब्रशाचं डबडं मी पुसून ठेवते नि तुमी त्याच्याकडं बघत पन नाय.

मनस्वी : आणला फोटो. आता ह्याच्या शेजारी एकेक लावते. तिसरा?

शिवा : नाय.

मनस्वी : सहावा?

शिवा : नाय. पुढं. थांब... ह्याच्या 'बा'ला जरा पोट हाय. 'ग' पन जागेवर उभा हाय. शिरोरेघ जाड करता येती?

मनस्वी : येते. एवढी?

शिवा : अजून. तेवडीच, बस. आता 'कारखाना' खाली घे. अक्षरं लांब लांब नको, पंगतीला बसल्यासारी दिसू देत. ... व्हय.

मनस्वी : व्हय म्हणजे पसंत?

शिवा : सांग बाबाजीला. शिवाला पसंत हाय. आनि आता कुठला पन बोर्ड पाठवायच्या आधी मना दाखवायचा, समजलं? निस्ता उसना माल भरलाय त्या डब्यात.

मनस्वी : समजलं, मालक!

गोदूबाई : झालं ना तुमचं? जाऊ आता चुना मारायला?

मनस्वी : आई, ती अक्षरं मात्र...

गोदूबाई : तेवडं सोडूनच मारते गो. दरवर्सी सोडते.

शिवा : आनि दरवर्सी मना सांगतंस, चुना कमी पडला!

गोदूबाई : मग काय सांगू? तुमी तरी कवा कायतरी सांगितलाव?

शिवा : म्हंजे... तुला कसं समजलं? तुला तर वाचता येत नाय.

गोदूबाई : नाय येत. पन रेशनकार्डावर माज्या नावाची हीच चार अक्षरं हायत. अंगठा उठवताना मी काय डोळं मिटून बसते?