गोंद की लाकूड

हॅलो? … हो ताई, मीच. झोपले नव्हते गं… हो, जेवले. शेजारच्या काकूंनी डबा दिला होता… अर्धा खाल्ला… बरं बाई, दोन घास.

नको, भावोजींना गाडी घेऊन पाठवू नकोस… अगं, येईन ना तुझ्याकडे राहायला, नाही कुठे म्हणतेय? पण आज नको. त्याचा कॉम्प्युटर चालू आहे.

हो, अजून. दवाखान्यात जाताना लावून गेला होता ना… म्हणाला, बंद करू नकोस, मी परत येईपर्यंत होईल.

हो… हो गं. माहितीये मला, तो येणार नाहीये. वेड नाही लागलं मला.

ऐक ना. ते वाचनालयाच्या छपराचं काम. लाकडी तुळया नुसत्या गोंदाने जोडायच्या… अगं, पाकिटं चिकटवायचा गोंद नव्हे… तर तो जोड कॉम्प्युटरवर बनवायचा आणि त्यावर थोडंथोडं वजन वाढवत न्यायचं, तुटेपर्यंत. सगळं ऑफिस म्हणत होतं, गोंदच आधी सुटेल, बोल्ट ठोका. हा एकटा हट्टाला पेटलेला. म्हणे, गोंद धरून ठेवेल, शेजारचं लाकूड फाटेल आधी… हो, म्हणूनच तर डिंक्या म्हणायचे त्याला… काय? तूही म्हणायचीस माझ्या नवऱ्याला? कमाल आहे तुझी.

उद्या येतील ऑफिसवाले कॉम्प्युटर न्यायला. तोवर राहू दे गं… त्याचा पंखा घरघरतो ना आतल्या खोलीत, वाटतं, बसलाय तिथेच. मघाशी चहा विचारायला उठले होते मी…

नाही, रडत नाहीये… रडतेय. रडू दे ना जरा.

… थांब. बोलू नकोस, थांब.

घरघर थांबली.

नाही, वीज नाही गेली, दिवा चालू आहे… हिशेब संपला वाटतं त्याचा. फोन ठेवू नकोस, आत जाते…

हं. तुटलाय जोड… कुठून ते बघते ना. लाल दिसेल तिथून फाटलं, असं सांगून ठेवलं होतं त्याने… गोंदाची रेघ निळीच आहे. अख्खी. लाल आहे ते सगळं लाकडात… अरे, तुझंच खरं झालं. ये ना बघायला.

… काय?

'अरे' म्हणाले?

… हो. तुला नव्हते म्हणत, ताई… ठेवते.