सशापुरती दारू

बंदूक भरताना जनावर बघून भरावी, हे आमच्या व्याह्यांना कोण सांगणार? हरभऱ्यात ससा शिरायलाय म्हणून मी ठासणीच्या बंदुकीत थोडीच दारू घातली.

व्याही म्हणाले, "अप्पा, एवढ्यानं डास तरी मरंल का?"

"सशाला पुरे हाय."

"कामून कंजुषी करायलाव? द्या इकडं."

लेकीच्या सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी दारू दाबून भरली आणि बार काढला. धक्क्यानं ते हरभऱ्यात उताणे पडले. व्याह्यांना हसायचं नसतं, म्हणून मी तोंड फिरवलं. ससा बांधावरून वळून बघत होता.

"लागला का?" व्याह्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"सशाला न्हाई. पण त्यानं महिनाभरात खाल्ला नसता एवढा हरभरा तुमच्या पाठीखाली हाय."