रविवारचा उपास

उपासाचं निघालंच हाय तर माझं ऐका. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही पन्हाळ्याच्या वाटंवरच्या पंधरा गुंठ्यात भाजी लावली. कोल्हापुरातली आठ घरं आधीच ठरवलेली. सीझनभर आमचीच भाजी घ्यायची, पिकंल ते वाटून खायचं. त्यातले एक सर म्हणायचे, "गिऱ्हाईक म्हणू नका हो, आपलं एकच कुटुंब हाय."

दोन महिन्यांनी सरच म्हणाले, "रविवारी सगळे रान बघायला येतो. वहिनींना म्हणावं, तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे."

बायकोनं पहाटे उठून मटण शिजवलं. मंडळी आली. गाजरं उपटून, पाटाच्या पाण्यात धुऊन तिथंच खाल्ली. मग जेवायला घरात आली. भिंतीवर बुद्धाचा फोटो, शेजारी निळा झेंडा. सरांच्या मिसेस तिकडं बघत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आज रविवार. जोतिबाचा उपास की आपला."

बघता बघता आठच्या आठ घरांचा उपास निघाला. तांब्यातलं पाणीसुद्धा कुणी घेतलं न्हाई.

पुढच्या रविवारी पिशव्या घेऊन गेलतो. सर दारातच म्हणाले, "पोरं पालेभाजी खात नाहीत हो." बाकीच्या घरांतली पोरंबी त्याच आठवड्यात पालेभाजी खायची थांबलेली.

भरलेल्या पिशव्या बघून बायको म्हणाली, "फोटो आतल्या खोलीत असता तर?"

योजना तवाच मोडली. फोटो हाय तिथंच हाय.