रोज दोन चमचे मीठ

अरे ऐका ना! काल जळगावात फिल्टरच्या पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक आबा आणि त्यांची मुलगी संघमित्रा उभी. ती नोकरीला धुळ्याला, घरी येते फक्त रविवारी. आणि घरात काय, तर खाऱ्या पाण्याची टाकी! त्यात फुलासारखं उघडणारं-मिटणारं कोरल, दोन केशरी मासे, आणि सगळं सांभाळतात आबा!

"आबा, कोरल आठ दिवस मिटलेलंच आहे. मी टाकी धुळ्याला नेते."

"नेऊ नको ना, माय."

"इथल्या उन्हात मरेल ते."

"अगं, कूलर टाकीकडेच फिरवलाय. मी पंख्याखाली झोपतो."

"आबा!"

"पाणी रोज दोन बोटं आटतं, तेही भरतो."

"फिल्टरचंच ना?"

"हो तर. त्यात ते तुझं समुद्राचं मीठ टाकतो, दोन चमचे."

"रोज?"

"खारं पाणी आटलं, तर खारंच भरायला पाहिजे ना?"

"अहो, पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं! आमटी आटली तर तुम्ही वरून मीठ टाकता का?"

"नाही गं... म्हणजे हे सगळं बठ्ठं मीच केलं."

"तसं नाही, आबा."

"ने मग टाकी. मी कुलूप उघडलं की दोन्ही मासे काचेशी पळत येतात. तुझ्याकडेही येतील."

"आज थोडं पाणी बदलू. उघडेल कोरल हळूहळू."

"धुळ्याला गेल्यावर?"

"इथेच. मी फक्त मिठाचा डबा घेऊन जाते."