लाल अंडी

चीनमधल्या छ्वेनचौ शहराच्या बसथांब्यावर, वयस्कांच्या इंग्रजी वर्गातून सुटलेल्या दोघी माझ्या शेजारी येऊन टेकल्या.

"काय शिकलीस गं बीहुआ, एवढ्या डुलक्या काढून?"

"रेड म्हणजे लाल."

"आणि इंग्रजीत राग आला तरी रेड, तोटा झाला तरी रेड! एवढ्या मंगल रंगाचे काय हाल केलेत मेल्यांनी!"

"मला लालच पुरे, ताई. लंडनची नात फोनवर विचारते, आजी, तुझा आवडता रंग कुठला?"

"मग सांग की."

"सांगितलं. तर म्हणते, का?"

"सांग, आपल्याकडे बाळ महिन्याचं झालं की अंडी लाल रंगवून गल्लीभर वाटतात."

"तिची कुठं वाटली मी? लेकीनं परक्याशी लग्न केलं म्हणून रुसून बसले होते ना."

"मग आता रंगव, बाई."

"परवा रंगवली. टोपली घेऊन निघाले, तर दारातच शेजारीण म्हणाली, अगंबाई, कुणाला बाळ झालं?"

"मग?"

"सहा वर्षांच्या पोरीचं नाव कसं घेऊ? टोपली तशीच घरी आणली. एकेक सोलून एकटीच खात बसले."