जन्म मस्कतचा, निरोप कसला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मल्याळी मंडळाचा गाडा अठ्ठावीस वर्षं ओढणारे आदरणीय कुरुविळा अच्चायन, व्यासपीठावरचे आपल्या चर्चचे फादर ऐप, चिटणीस लिसम्मा चेची, शनिवारची दुपार आमच्यासाठी मोडून या तळघरातल्या हॉलमध्ये जमलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलामुलींनो,

कार्यक्रमपत्रिकेत या जागी 'श्री. बिनोय वर्की यांचे मनोगत' असं छापलंय. मी श्री. बिनोय वर्की नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मी त्यांची बायको, शेरिन. बिनोय म्हणाला, "तूच बोल, मला रडू येईल." मला येणार नाही, म्हणून मी उभी आहे.

आपण आत्ता आम्हाला हा सुंदर पितळी दिवा दिलात. त्यावर 'बिनोय वर्की आणि कुटुंब' असं कोरलंय. त्या कुटुंबात मी येते, माझी पीएचडी येते, आणि आमची मुलगी आनही येते. कोरणाऱ्याकडे जागा कमी असेल, मी समजू शकते. मंडळाचे मनापासून आभार.

काय घडलंय ते आपल्याला ठाऊक आहे, तरी एकदा सांगते. सहा सप्टेंबरला, शुक्रवारी, बिनोयच्या कंपनीने त्याला आणि आणखी चाळीस जणांना एका खोलीत बोलावून घरी पाठवलं. आमचा इथला मुक्काम त्याच्या नोकरीवर. नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी पाठीशी उभी राहिली तर राहा, नाही तर सामान आवरा. आज त्रेचाळिसावा दिवस आहे. आमचा सोफा आपल्या जोमोनने नेला, गाडी विकली, आणि आनसाठी केरळात, गावी कोझंचेरीच्या शाळेचा फॉर्म मागवला. तिला मल्याळम बोलता येतं, वाचता येत नाही. ती चार वर्षांची असल्यापासून ओहायोत वाढली, आणि पंधराव्या वर्षी तिला बालवाडीची अक्षरं गिरवायला बसवायचं होतं.

बातमी कळल्यावर सगळ्यात आधी घरी कोण आलं? कुरुविळा अच्चायन. हा माणूस अडचणीला धावून येतो, यात वाद नाही. पण आल्या आल्या काय म्हणाले? "बिनोय, घाबरू नकोस. गावाकडे तुला चांगली नोकरी मिळेल. शेरिनचं काय, ती तुझ्या मागोमाग येईलच." मी समोर चहा ओतत होते. अच्चायन, तो चहा तुम्ही बिनसाखरेचा प्यायलात. मी मुद्दाम घातली नव्हती.

मी मागोमाग यायचं. बरोबरच आहे, कागदावर मी तीच आहे. आश्रित. अकरा वर्षं मी आश्रित आहे. सुरुवातीची काही वर्षं तर मला कामाची परवानगीच नव्हती, तेव्हा पाण्याच्या रसायनशास्त्रातली डॉक्टर असलेली ही बाई याच हॉलमध्ये ओणमला केळीची पानं पुसत होती. पुढे परवाना मिळाला, पण तोही बिनोयच्या अर्जाला बांधलेला. त्याच्यावर मी जिल्ह्यातल्या शेतांवर जाऊन विहिरींचं पाणी तपासायला लागले. खतं मुरतात, नायट्रेट पाण्यात उतरतं, आणि त्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्ही बाळं निळी पडतात. पाच वर्षांत मी सहाशे विहिरी तपासल्या. आणि बिनोयची नोकरी गेली त्या दिवशी माझ्या सहाशे विहिरीही गेल्या. हे कुणाच्या ध्यानात आलं का? मला विचारायला एकही माणूस आला नाही.

आता ग्रीन कार्डाची रांग. इथे बसलेल्या निम्म्या घरांना तिचा जाच माहीत आहे. प्रत्येक देशात जन्मलेल्यांची रांग वेगळी, आणि भारताची सगळ्यात लांब. बिनोय तिच्यात उभा राहिला नऊ वर्षांपूर्वी, त्याच्या कंपनीच्या अर्जावर. रांग कुठल्या तारखेच्या अर्जापर्यंत आली, ते आम्ही दर महिन्याला बघायचो. तारीख कधी दोन आठवडे पुढे, कधी एक वर्ष मागे. कंपनीचा वकील, बिनोय, मी, आपण सगळे शहाणे. कुणाच्याही डोक्यात एक साधा प्रश्न आला नाही.

तो प्रश्न आला मिसेस पलोमा अर्से नावाच्या बाईंच्या डोक्यात. गावच्या ग्रंथालयात दर मंगळवारी त्या फुकट सल्ला द्यायला बसतात. मी गेले होते आनच्या पासपोर्टची एक शंका विचारायला. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले, आमची नऊ वर्षांची रांगही सांगितली. त्यांनी माझा उघडला आणि थांबल्या.

"तुमचा जन्म मस्कतचा?"

"हो, पण आम्ही कोझंचेरीचे."

"ते मी विचारलं नाही. जन्म कुठे झाला?"

"मस्कतला. वडील तिथे कामाला होते. पण आमचं गाव..."

"बाई, गाव राहू द्या. नऊ वर्षं तुम्ही कुठल्या रांगेत उभ्या आहात?"

"नवऱ्याच्या. भारताच्या."

"तुमची रांगच ती नाही. तुमच्या रांगेत आज कोणीही उभं नाही. आणि नवरा-बायको एकत्र अर्ज करत असतील, तर तुमच्या जन्माची रांग नवऱ्यालाही चालते."

आता हसू नका. कुणी आपल्याला 'कुठले?' विचारलं, तर आपण काय सांगतो? आजोबांचं गाव. तीन पिढ्या बाहेर राहिलेला माणूसही छाती पुढे काढून कोझंचेरी, तिरुवल्ला, पाला सांगतो. लग्नाच्या बायोडेटात माझ्या नावापुढे कोझंचेरी, मंडळाच्या यादीत कोझंचेरी, कंपनीच्या वकिलाला बिनोयने भरून दिलेल्या कागदावरही कोझंचेरी. पासपोर्टवर मात्र पहिल्या दिवसापासून मस्कत. तो पासपोर्ट कुणी उघडून वाचला नाही.

घरी आले तेव्हा बिनोय ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होता. त्याला सांगितलं. त्याने हातातलं ताट बाजूला ठेवलं. म्हणाला, "नऊ वर्षांत मला सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "तू विचारलंस का? आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतात? चावी कुणाकडे?"

मग मी अम्माला फोन लावला. माझी अम्मा मस्कतच्या इस्पितळात नर्स होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. अम्माला रजा मिळाली नाही. ती शेवटच्या दिवसापर्यंत ड्युटीवर होती, आणि मी तिच्याच वॉर्डात जन्मले. आजीने ते कधी माफ केलं नाही. 'पोरीला वाळवंटात टाकलंन,' हे अम्माने मरेपर्यंत ऐकलं, म्हणजे आजी मरेपर्यंत. म्हणूनच आमच्या घरात मस्कतचं नाव काढायचं नाही आणि माझं गाव कोझंचेरी म्हणायचं, असा दंडकच पडला. अम्माला सगळं सांगितलं. तिने आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोळे, पोरी, त्या एका बाळंतपणावरून मी तीस वर्षं टोमणे खाल्ले. आता मला पेढे पाठव."

पुढचं थोडक्यात सांगते, फादर घड्याळाकडे बघतायत. बिनोयचा कंपनीचा अर्ज कंपनीबरोबर गेला, तो आता उपयोगाचा नाही. मिसेस अर्सेंनी दुसरा मार्ग दाखवला. उच्च शिक्षण असेल आणि तुमच्या कामाचा या देशाला उपयोग आहे हे दाखवता आलं, तर स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. मालक लागत नाही. मालक लागत नाही, हे वाक्य मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं.

मग पत्रं गोळा केली. विद्यापीठातून आली, आरोग्य खात्यातून आली. सगळ्यात चांगलं पत्र आलं लोइस हार्ट्झलर नावाच्या शेतकरीणबाईंचं, वहीच्या पानावर, हाताने लिहिलेलं. त्यांनी लिहिलं, 'या बाईने आमची विहीर तपासली आणि ते पाणी बाळाला देऊ नका म्हणाली. माझा नातू आज तीन वर्षांचा आहे. ही गेली तर शेजारची विहीर कोण तपासणार, ते मला सरकारने कळवावं.' पत्र द्यायला त्या स्वतः आल्या, मक्याची कणसं घेऊन. मला म्हणाल्या, "तू जाणार हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "सगळ्यांनी." त्या म्हणाल्या, "मला नाही कुणी विचारलं."

तर मंडळी, गेल्या गुरुवारी आमचा अर्ज गेला, पोचल्याची पावती काल आली. साठ दिवसांच्या आत. आता निकाल लागेपर्यंत आम्हाला इथे राहता येतं. अर्जदार म्हणून पहिलं नाव माझं आहे. 'आश्रित' या रकान्यात बिनोयने स्वतःच्या हाताने बिनोय वर्की लिहिलं. मी बघत होते. वर मलाच म्हणाला, "स्पेलिंग बघ ग बाई."

अर्ज मंजूर होईल का? मला माहीत नाही. मिसेस अर्सेंनाही माहीत नाही. कामाचा परवाना यायला महिने लागतील, तोवर दोघांनाही पगार नाही. नामंजूर झाला तर आपण पुन्हा असाच समारंभ करू, तेव्हा मी रडेनही. पण आज मी निरोप घेत नाही. परवाना येईपर्यंत मी घरी बसेन, पण या गावात बसेन. जोमोन, सोफा आणून दे.

अच्चायन, तुमच्या कपाळाला आठ्या पडल्यात. बायकोच्या कागदावर नवऱ्याने राहायचं हे तुम्हाला खटकतंय ना? मग एक विचारते, रागावू नका. तुम्ही या देशात आलात एक्क्याऐंशी साली. कुणाच्या कागदावर? तुमच्या सौभाग्यवती, अलेयम्मा अम्माचींच्या. त्या नर्स, आणि तुम्ही मागोमाग. इथल्या प्रत्येक जुन्या घराची हीच कथा आहे. आपल्या बायकांनी आपल्या पुरुषांना इथे आणलं, आणि मग मंडळ स्थापन करून यादीत पुरुषांची नावं घातली. मला त्याचा संताप येतो, आज तो उघड बोलते.

शेवटी एकच विनंती. ज्या बायकांचा जन्म भारताबाहेर झालाय, कुवेत, दोहा, बहारीन, लुसाका, कुठेही, त्यांनी हात वर करा. लाजू नका. गाव विचारत नाही, जन्म विचारतेय. एक. दोन. जिन्सी, तू कुवेतची, मला माहीत आहे, हात वर कर. पाच. सहा. मागे कोण, उभी राहा, दिसत नाहीस.

अच्चायन, जरा मागे वळून बघा. तुमच्या पुतण्याची बायको सिमी. तिचाही हात वर आहे. तुमचा पुतण्या भारताच्या रांगेत किती वर्षं उभा आहे? बारा ना?

सिमी, हात खाली घेऊ नकोस. मंगळवारी ग्रंथालयात माझ्याबरोबर ये.

मंडळाचे, स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचे आणि फादर ऐप यांच्या सहनशक्तीचे आभार मानते. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लेकीचा हट्ट समजून पोटात घाला. तरीही कुणाला राग आवरला नाही, तर घरी येऊन भांडा. पत्ता तोच आहे.